मणिभाईच्या दुर्वा

डॉक्टर रघुवीर माने दोन हजार चारच्या नोव्हेंबरात गेले. शेजारचे कीथ सांत्वनाला आले, दारात शब्द शोधत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, मिसेस माने, तसं लॉन आता या रस्त्यावर पुन्हा होणे नाही. त्या दिवसांत अनुराधाबाईंचं सांत्वन करायला लंडनच्या या पिनर उपनगरातली आणि एजवेअरकडची बरीच मंडळी येऊन गेली होती. आत्मा अमर असतो, हे त्यांना निदान आठ जणांनी समजावलं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं ते कीथच्या बोलण्यानं.

अनुराधाबाई मिरजेच्या. लग्न होऊन निघाल्या त्या थेट इंग्लंडात उतरल्या आणि हॅरोकडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासता तपासता निवृत्त झाल्या. बोलायला फटकळ, कामाला उरक दांडगा. डॉक्टर त्यांच्या बरोब्बर उलट. ते भूल देणारे डॉक्टर होते, आणि "आमच्याकडे पेशंटआधी यांनाच गुंगी येते," असं बाई मंडळातल्या बायकांना सांगत. घरात डॉक्टरांचं बोलणं म्हणजे विचारलेल्याला उत्तर, तेही जमलं तर एका शब्दात. हो. नको. बघतो. सांगतो.

फक्त गवताचा विषय निघाला, की या माणसाला वाचा फुटायची. राय नावाचं गवत म्हणे झटपट उगवतं आणि पोरांनी वर धुडगूस घातला तरी टिकतं. फेस्क्यू बारीक पात्याचं, नखरेल, सावकाश येतं, पण एकदा बसलं की पायाखाली मखमल. बी टाकायचं सप्टेंबरात, जमिनीत ऊब असताना. ते चुकलं तर एप्रिलात. वसंतात नायट्रोजन द्यायचा, म्हणजे पातं वाढतं. शरदात तो हात आखडून पोटॅश द्यायचं, म्हणजे मूळ थंडीला तोंड देतं. लंडनची ही चिकणमाती, तिला काट्यानं भोकं पाडून श्वास घेऊ द्यायचा. हे सगळं बाईंनी भांडी विसळताना इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धडाधड म्हणून दाखवलं असतं. मात्र बारा वर्षांत त्यांनी त्या लॉनवर पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवणार नाही, असं त्या एकदा रागाच्या भरात म्हणाल्या होत्या, आणि म्हटलेलं पाळायची त्यांना खोड होती.

त्याचं असं झालं होतं. इंग्लंडात आल्यापासून बाई गणपतीला लॉनचंच गवत दुर्वा म्हणून वाहत. सगळेच तसं करत. पण हे राय आहे, दुर्वा नव्हेत, हे देवाला कळतं की नाही कोण जाणे, बाईंना मात्र दर वर्षी कळायचं आणि खुपायचं. एका खेपेला त्या माहेरहून येताना हराळीच्या चार मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून, पर्समध्ये दडवून घेऊन आल्या. विमानतळावर त्यांची छाती अशी धडधडत होती, की सोनं आणलं असतं तरी बरं. मुळ्या लॉनच्या कडेला उन्हात लावल्या. दोन उन्हाळ्यांत हराळीनं अंग धरलं, जमिनीवरून धावे सोडले आणि ती डॉक्टरांच्या फेस्क्यूत घुसली.

डॉक्टर तासगावकडच्या शेतकऱ्याचे पोर. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी बापाच्या रानातली हराळी खणण्यात घालवल्या होत्या. गणपतीला जे प्रिय ते शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलतं, हे बाईंना शहरातल्या असल्यामुळे ठाऊक नव्हतं. मार्चमधल्या एका शनिवारी बाई लॅबमधून घरी आल्या, तर हराळीच्या जागी उकरलेली माती होती, आणि कचऱ्याच्या पेटीतून मुळ्या बाहेर डोकावत होत्या.

"अहो, माझ्या आईच्या अंगणातल्या होत्या त्या," बाई म्हणाल्या.

"तण आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यावर बाईंनी ती लॉनवर पाय न ठेवण्याची गोष्ट केली आणि बोलणं टाकलं. महिनाभर जेवणाची ताटं मुकाट्यानं मांडली गेली. "चुकलो" म्हणणं डॉक्टरांच्या रक्तात नव्हतं. तपासून सांगायला बाईच होत्या घरात.

त्या वर्षी गणपतीच्या सकाळी डॉक्टर लवकर उठून बाहेर गेले आणि परत येऊन त्यांनी पूजेच्या तबकाशेजारी एक ओलं फडकं ठेवलं. आत दुर्वा होत्या. खऱ्या, तीन-तीन पात्यांच्या.

"कुठून आणल्यात?"

"वेंबली. मणिभाई."

मणिभाईचं पूजासामानाचं दुकान बाईंना माहीत होतं. तिथं दुर्वा मिळाल्याचं कधी ऐकलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले की आधी सांगून ठेवणाऱ्यालाच देतो. बाईंनी दुर्वा निरखल्या. मन हललं होतं, पण इतक्या स्वस्तात सुटका करणं त्यांना मंजूर नव्हतं. "आखूड आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या मणिभाईला सांगा, जुडी बांधता आली पाहिजे."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या वर्षी दुर्वा लांब आल्या. मग बाईंनी निबरपणाची तक्रार केली. "सांगतो." त्याच्या पुढच्या वर्षी कोवळ्या लुसलुशीत आल्या. मग मातीची तक्रार झाली, मग पिवळ्या टोकांची. दर वर्षी काही ना काही खोट काढायची आणि दर वर्षी "सांगतो" ऐकायचं, हा त्या घरातला पूजेचाच एक भाग होऊन बसला. मणिभाई मोठा गुणी माणूस, असं बाई चारचौघांत सांगत. मंडळातल्या दोघीतिघींनी दुकानात विचारलं तर नाही म्हणाला म्हणे. "ओळख लागते," बाई मान उडवून म्हणायच्या.

डॉक्टर गेल्यावर वर्षभर सण नव्हते. लॉनकडेही कुणी पाहिलं नाही. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये नील ब्रॅकनेलहून आला, तेव्हा मागे गुडघाभर रान माजलं होतं आणि खाली शेवाळ. नील त्यांचा एकुलता एक मुलगा, तिकडे एका कॉम्प्युटर कंपनीत. आईवर जीव, आणि मराठी आपली गरजेपुरती.

"आई, हा लॉन खूप मोठा काम आहे. बाबा रिटायर्ड होता, त्याला टाइम होता. आपण स्लॅब्ज टाकू या ना. नीट, क्लीन. तू पॉट्स ठेव, बेंच ठेव."

"एक उन्हाळा दे मला," बाई म्हणाल्या.

"अगं पण तुला काय येतं त्यातलं?"

"सगळं येतं."

ठरलं ते असं, की गणपतीपर्यंत लॉन पूर्वीसारखं झालं तर राहील, नाही तर गणपतीनंतर स्लॅब्ज, म्हणजे सिमेंटच्या फरशा. नीलच्या दृष्टीनं हा बागेचा प्रश्न होता. बाईंना मात्र वाटत होतं, की कपडे दिले, चष्मा दिला, गाडी विकली. आता या माणसाच्या हातचं एवढं एकच जिवंत उरलंय, आणि तेही सिमेंटखाली गेलं तर आपण यांना शोधायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरांचे वेलिंग्टन बूट घातले, आत दोन जोड मोजे कोंबले आणि बारा वर्षांनी लॉनवर पाय ठेवला. "मोडला शब्द," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "झालं समाधान?"

गवत कापून घेतलं. शेवाळावर औषध मारलं, ते काळं पडल्यावर दाताळ्यानं ओरबाडून काढलं. एप्रिलात बी आणायला गार्डन सेंटरला गेल्या आणि तिथं मात्र अडल्या. एका खोक्यावर चेंडू खेळणारी पोरं होती, एकावर हिरवे पट्टे, एकावर झाडाची सावली. नील लहान असताना डॉक्टर पोरांचं खोकं आणत. तो दांडपट्ट्यासारखी बॅट फिरवायचा आणि डॉक्टर उखडलेल्या जागा संध्याकाळी मुकाट बुजवायचे. नील कॉलेजला गेला, त्या वर्षापासून पट्ट्यांचं खोकं येऊ लागलं. बाई दोन्ही खोकी हातात धरून उभ्या राहिल्या. विचारायला कुणी नाही, हे त्यांना घरातल्या रिकाम्या खुर्चीनं इतकं सांगितलं नव्हतं जितकं त्या बियांच्या फळीसमोर कळलं. एक शब्द पुरला असता. त्यांनी पट्ट्यांचं, फेस्क्यूचं खोकं उचललं. खेळायला आता कोण होतं?

खत घालताना फजिती झाली. डॉक्टर ते चाकांच्या पेटीतून मोजून घालत. बाईंना ती पेटी चालवता येईना, तेव्हा त्यांनी पदर खोचावा तसा कार्डिगन खोचला आणि तुळशीला अक्षता टाकाव्यात तसं मुठीमुठीनं भिरकावलं. दोन आठवड्यांत लॉनला देवी आल्यासारखं दिसू लागलं. जिथं मूठ पडली तिथं गर्द हिरवं, जास्त पडली तिथं जळून पिवळं, आणि मध्ये फिकट. कीथनं कुंपणावरून पाहिलं आणि सभ्यपणे हवेबद्दल बोलून ते आत गेले.

सगळ्यात वाईट अवस्था होती ती शेडमागच्या कोपऱ्याची. गॅरेजच्या विटांच्या भिंतीलगत, जिथं दिवसभर ऊन येतं, तिथं घोंगडीएवढा तुकडा पार मेलेला होता. नुसतं पांढरट, वाळकं काड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जागा दिसत नसे. डॉक्टर उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिकडे बादली पालथी घालून बसत, एवढं बाईंना ठाऊक होतं. ती बादली अजून तिथंच होती. काटा मारला तर खट्कन लागलं. छपराच्या जुन्या दगडी पाट्या मातीत उभ्या रोवलेल्या, एकीला एक लावून, चारी बाजूंनी. बांधकामाचा राडा असेल, असं म्हणून बाईंनी दोन पाट्या उपटल्या, बाकीच्या हलेनात. मग काड ओरबाडलं, वर नवी माती पसरली आणि फेस्क्यूचं बी जरा जास्तच घातलं. शेडमध्ये त्यांना दिवाणखान्याचा जुना पडदा सापडला, जो हरवला म्हणून त्यांनी एके काळी घर डोक्यावर घेतलं होतं. थंडीत डेलियाच्या कंदांवर पांघरूण घालतो, असं डॉक्टर एकदा म्हणाल्याचं आठवलं. डेलिया कुठं लावले होते, ते आठवेना.

मेमध्ये लॉन सावरलं. बी उगवून आलं, डाग एकमेकांत मिसळले, आणि कीथनं चक्क टोपी काढली. बाईंनी नीलला फोन करून सांगितलं, की स्लॅबवाल्याला नको म्हण.

मग तो उन्हाळा आला. आधीच पाणी कमी म्हणून पाइपनं बागेला पाणी घालायला बंदी होती, त्यात जुलैनं कहर केला. सबंध पिनर करपून निघालं. थंड हवेचं ते गवत. ऊन डोक्यावर आलं तसं त्यानं मान टाकली. बाई तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी साठवून बादलीनं घालत. भांड्यांचं पाणी मात्र त्यांनी घातलं नाही. डॉक्टरांच्या लॉनला खरकटं घालायचं त्यांच्या जिवावर आलं. महिनाअखेर सगळी बाग गव्हाच्या कापलेल्या शेतासारखी झाली. नील माणूस घेऊन आला, त्यानं फीत लावून मापं घेतली, आणि गणपतीनंतरचा सोमवार बँक हॉलिडेचा, म्हणून मंगळवार ठरला. बाईंनी मापं घेऊ दिली. शब्द दिला होता.

त्याच आठवड्यात त्या वेंबलीला गेल्या. यंदा गणपती बसवायचे होते, दुर्वा आधी सांगून ठेवायला हव्या होत्या. मणिभाई म्हातारा झाला होता, पण डॉक्टरांचं नाव काढताच हात जोडून उठला.

"बहुत अच्छे आदमी थे, बेन. हर साल आते थे. नारियल, कपूर, जनोई."

"आणि दुर्वा," बाई म्हणाल्या. "दुर्वा. घास. गणपती की."

"धरो?" मणिभाई हसला. "धरो तो हमने कभी रखा ही नहीं, बेन. इंडिया से आते-आते सूख जाएगा. यहाँ कौन लाएगा?"

बाईंनी पुन्हा विचारलं. त्यानं आतून मुलाला बोलावून पुन्हा तेच सांगितलं. बसमध्ये बसल्यावर बाईंच्या मनात एकच फिरत राहिलं. तीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, तो माणूस एवढं सफाईनं खोटं बोलत होता? आणि मग आणत कुठून होता? कुणाच्या बागेतून चोरत होता की काय? बोलिंग क्लबच्या मैदानावर वाकून गवत उपटणारे डॉक्टर माने त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं. समोरची बाई टिश्यू देऊ लागली.

घरी आल्यावर त्यांना आत बसवेना. बादलीत तांदळाचं पाणी होतं, ते घेऊन त्या मागे गेल्या. आता घालून उपयोग नव्हता, पण हाताला सवय झाली होती. पिवळ्या गवतावरून चालत त्या शेडमागे आल्या आणि थांबल्या.

गॅरेजच्या भिंतीलगतचा तुकडा हिरवागार होता.

एप्रिलात पेरलेलं फेस्क्यू तिथंही जळून गेलं होतं. त्याच्या काडातून, नव्या मातीचा थर फोडून, दुसरंच काहीतरी वर आलं होतं. भिंतीच्या धगीला न जुमानता ते पसरलं होतं, आणि जिथल्या दोन पाट्या बाईंनी उपटल्या होत्या तेवढ्याच फटीतून त्याचे धावे बाहेर पडून लॉनकडे निघाले होते. बाई खाली बसल्या. एक टोक नखानं खुडलं. तीन पाती.

हराळी त्यांनी मिरजेत लहानपणापासून तुडवली होती. हिरवी पाहिली होती, उन्हानं करपलेली पाहिली होती. पण इंग्लंडच्या थंडीत ती अंगावरचा सगळा रंग काढून मेपर्यंत झोपते, हे लॉनच्या कडेला फेस्क्यूच्या हिरव्यात त्यांना कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी तिला मेलेली समजून ओरबाडलं होतं, वर माती लोटली होती आणि खत-बी घातलं होतं. तरी ती आली. आणि आता सगळंच दिसू लागलं. त्या पाट्या हराळीला कुंपण म्हणून होत्या. पडदा तिच्यावर पांघरूण म्हणून होता. कचऱ्याच्या पेटीत मुळ्या टाकल्या, त्या शनिवारी सगळ्या टाकल्या नव्हत्या. तण म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं इतकी वर्षं शेडच्या आड तण जोपासलं, आणि आखूड म्हटलं तर वाढवलं, निबर म्हटलं तर छाटून नवं फुटवलं.

बाई त्या पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना डॉक्टरांचा भयंकर राग आला. सांगायचं होतं ना एकदा. मी बसले असते इथं, तुमच्याशेजारी, दुसरी बादली घालून. अकरा उन्हाळे होते आपल्याकडे. मग राग गेला आणि नुसती ओढ उरली, या माणसाला एकदा समोर बसवून डोळे भरून बघण्याची, इतकी की त्यांनी भिंतीला हात टेकला. वीट दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होती.

रात्री त्यांनी नीलला फोन केला. "मंगळवारी येऊ दे त्या माणसाला. पण शेडमागे गॅरेजच्या भिंतीपासून पाट्यांपर्यंत हात लावायचा नाही. बाकी काय घालायचं ते घाल."

"आई, शुअर? तुला लॉन पाहिजे होता ना?"

"मला पाहिजे होतं ते सापडलं," बाई म्हणाल्या.

ऑगस्टात पाऊस झाला आणि लॉन आपलं आपण हिरवं होऊ लागलं. नील गणपतीच्या दोन दिवस आधीच आला होता. त्यानं ते पाहिलं आणि शनिवारी स्वतःच फोन करून स्लॅबचं काम अर्ध्या बागेपुरतं आणलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी गणपती बसले. सकाळी बाई वेलिंग्टन घालून, ओलं फडकं घेऊन शेडमागे गेल्या. कात्री नेली नाही, एकेक टोक नखानं खुडलं. दुर्वा लांब होत्या, कोवळ्या होत्या, टोकं हिरवीगार होती. बादलीवर बसूनच त्यांनी जुड्या बांधल्या आणि सवयीप्रमाणे एक जुडी डोळ्यांपुढे धरून खोट शोधली. सापडली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या मणिभाईला सांगा, यंदा माल चांगला आहे."

आतून नील पूजेला हाक मारत होता. तरी "सांगतो" ऐकल्याशिवाय त्यांना उठवेना, म्हणून त्या थोडा वेळ तिथंच बसून राहिल्या.